बाण कुठे तुटतो? अणुकचरा सूर्यावर पाठवण्याच्या एका प्रकल्पाचं प्रकरण

प्रस्ताव

सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी सायन्सच्या तिघांनी विज्ञान प्रदर्शनासाठी मांडलेला हा प्रस्ताव. अणुभट्टीतून निघणारा, हजारो वर्षं किरणोत्सार करत राहणारा कचरा जमिनीत पुरून पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात बांधायचा नाही. तो पोलादी डब्यात सीलबंद करायचा, श्रीहरिकोट्याहून रॉकेटने उचलायचा आणि सूर्यावर सोडायचा. सूर्य एवढा प्रचंड आहे की या कचऱ्याने त्याला काहीही होणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच आहे.

गटात दोन मुली आणि एक मुलगा. एक मुलगी जुळे सोलापूरची, दुसरी कुंभारीहून बसने येणारी, मुलगा अशोक चौकाकडचा. मी त्यांची मार्गदर्शक, भौतिकशास्त्र शिकवते. त्यांनी आणलेल्या चार्टपेपरवर डावीकडे खाली रॉकेट होतं, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पिवळाधमक सूर्य, आणि दोघांना जोडणारा निळ्या स्केचपेनचा एक लांबलचक बाण. मधे काहीच नाही, नुसता पांढरा कागद.

ही कल्पना नवी नाही आणि पोरकटही नाही. पण शाळा-कॉलेजांत ती पुढे आली की तिला बहुधा एकच उत्तर मिळतं: रॉकेट फुटलं तर? आणि विषय तिथेच मिटतो. मला हे उत्तर अपुरं वाटतं. रॉकेट फुटणं ही बिघाडाची एक तऱ्हा झाली, आणि ती सगळ्यांत वाईट आहेच असंही नाही. खरा प्रश्न त्या पांढऱ्या कागदाचा आहे. वाट कुठेही तुटू शकते. जिथे तुटेल तिथून कचरा पुन्हा हातात येतो की नाही, यावर धोक्याचा सगळा हिशेब ठरतो. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते यासाठीच.

प्रस्ताव मोडीत न काढता तपासायचा, असं आम्ही ठरवलं. पद्धत साधी होती. बाणाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी विचारायचं, ‘इथंच थांबलं तर डबा कुठे?’ उत्तर मात्र कल्पनेतलं चालणार नाही, घडलेल्या घटनेतलंच हवं.

आधी कोणी विचार केला होता का?

केला होता, आणि चांगला कसून. १९७० च्या दशकात आणि १९८० च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नासाने आणि तिथल्या ऊर्जा खात्याने यावर अनेक अभ्यास करवून घेतले. सूर्यावर टाकणं, सूर्यमालेबाहेर भिरकावणं, चंद्रावर ठेवणं, पृथ्वीभोवतीच उंच कक्षेत ठेवणं असे सगळे पर्याय तपासले. शेवटी पसंती मिळाली ती सूर्याभोवतीच्या एका कक्षेला. पृथ्वी आणि शुक्र यांच्या मधोमध, पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.८५ पट अंतरावर डबे फिरत ठेवायचे. न्यायचं काम स्पेस शटल करणार होतं. १९८० मध्ये ऊर्जा खात्याने अणुकचऱ्याच्या सगळ्या पर्यायांचा पर्यावरणीय अहवाल काढला. त्यात अवकाशाचा पर्याय होता, पण कौल मिळाला तो खोल खडकातल्या साठवणीला.

हे कळल्यावर मुलांचा हुरूप वाढला. “म्हणजे आपण बरोबर होतो!” अशोक चौकातला मुलगा म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं की नासानेसुद्धा सूर्य सोडून दिला होता. का, ते आधी शोधायला हवं होतं.

वजनाचा हिशेब

सगळ्यांना वाटतं की सूर्याचं आकर्षण एवढं जबरदस्त आहे, एकदा पृथ्वीपासून सुटलं की वस्तू आपोआप सूर्याकडे ओढली जाईल. तसं होत नाही. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते आणि पृथ्वीवरून सुटलेला डबाही तोच वेग घेऊन निघतो. सूर्यात पडायचं तर हा आडवा वेग जवळजवळ सगळा मारावा लागतो. याउलट सूर्यमालेच्या बाहेर निघून जायला पृथ्वीच्या अंतरावर सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर वेग पुरतो, म्हणजे आहे त्यात १२ ची भर घातली की झालं. सूर्यावर टाकण्यापेक्षा सूर्यमालेबाहेर फेकणं सोपं! फळ्यावर हे आकडे मांडल्यावर तिघंही काही वेळ वहीत आकडेमोडच करत बसले, कारण अकरावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातलीच सूत्रं वापरून हे निघतं.

घडलेलं उदाहरण पार्कर सोलर प्रोबचं. १२ ऑगस्ट २०१८ ला सुटलेलं हे नासाचं यान सूर्याच्या सर्वांत जवळ गेलं आहे. त्याचं वजन अवघं ६८५ किलो. ते उचलायला डेल्टा फोर हेवी हे त्या काळातल्या सर्वांत ताकदवान रॉकेटांपैकी एक लागलं, वर एक जादा टप्पा बसवावा लागला, आणि तरीही वेग कमी करत नेण्यासाठी शुक्राजवळून सात फेऱ्या माराव्या लागल्या. एवढं करून ते सूर्यात पडत नाही, सुमारे ६० लाख किलोमीटर अंतरावरून वळसा घेतं.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर मंगळयान घ्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये निघालेल्या त्या १,३३७ किलोच्या यानात ८५२ किलो इंधनच होतं. शास्त्रीय उपकरणं सगळी मिळून पंधरा किलोच्या आसपास.

आता कचरा. १००० मेगावॉटच्या एका अणुभट्टीतून वर्षाला साधारण २५ टन वापरलेलं इंधन निघतं. पार्करच्या मापाने नेलं तर एका भट्टीच्या एका वर्षाच्या कचऱ्याला ३७ उड्डाणं.

जुळे सोलापूरची मुलगी इथे अडून बसली. “मॅडम, सगळं इंधन कशाला न्यायचं? त्यात बहुतेक युरेनियमच असतं. ते काढून घ्यायचं आणि खरा कचरा तेवढा न्यायचा.” मुद्दा पक्का होता. नासाच्या अभ्यासकांनीही हाच मार्ग धरला होता आणि भारत तर पूर्वीपासूनच इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो. युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढलं की अणूंचं विखंडन होऊन उरलेले पदार्थ १००० मेगावॉटमागे वर्षाला सुमारे एक टनच भरतात. जगातल्या सगळ्या अणुभट्ट्यांची वर्षाची वीज धरली तर असे तीनशेएक टन होतात.

तीनशे टन भागिले ६८५ किलो: चारशेहून जास्त उड्डाणं, दरवर्षी. २०२४ मध्ये उपग्रहांसाठी, माणसांसाठी, लष्करासाठी मिळून सगळ्या जगाने केलेली कक्षीय उड्डाणं अडीचशेच्या थोडी वर होती.

आणि हे उघड्या कचऱ्याचं वजन झालं. त्याला जो डबा लागतो त्याचं वजन अजून धरलेलंच नाही. जमिनीवर रेल्वेने वापरलेलं इंधन नेताना दहाएक टन मालासाठी शंभर टनांच्या वरचं पिंप लागतं, कारण शेजारी उभ्या असलेल्या माणसापर्यंत किरणं पोचू द्यायची नसतात. रॉकेटवर जाणाऱ्या डब्याला तर याशिवाय स्फोट, आग, वातावरणात परत शिरताना लागणारी प्रचंड उष्णता आणि जमिनीवरची आदळ हे सगळं सोसावं लागणार. कवच जाड केलं की कचरा कमी मावतो आणि उड्डाणं वाढतात. कवच पातळ केलं की एकेका उड्डाणाचा धोका वाढतो. यातून सुटका नाही. ०.८५ ची कक्षा निवडली की एका उड्डाणात बरंच जास्त वजन जातं. नासाने सूर्य सोडला तो म्हणूनच. पण कवचाची ही ओढाताण तिथेही तशीच राहते.

पहिली काही मिनिटं

इथे दाखले भरपूर आहेत. २५ डिसेंबर २०१० ला श्रीहरिकोट्याहून निघालेलं आपलं जीएसएलव्ही उड्डाणानंतर मिनिटभराच्या आतच भरकटलं आणि नष्ट करावं लागलं. ३१ ऑगस्ट २०१७ ला पीएसएलव्ही, एवढं भरवशाचं रॉकेट, वर पोचलं पण उष्णताकवचच उघडलं नाही आणि उपग्रह आत अडकून राहिला. यात कोणाला नावं ठेवण्याचा प्रश्न नाही. रॉकेट हे यंत्रच असं आहे की शंभरातली नव्व्याण्णव उड्डाणं यशस्वी झाली तर ते उत्कृष्ट मानलं जातं.

शंभरात एक अपयश हा आकडा धरून आम्ही संभाव्यता काढली. ३७ उड्डाणांत किमान एक फसण्याची शक्यता ०.९९ चा ३७ वा घात एकमधून वजा करून येते. उत्तर सुमारे ३१ टक्के. वर्षाला चारशे उड्डाणं असतील तर शक्यतेची भाषाच उरत नाही. दरवर्षी सरासरी चार फसणार, हे धरूनच चालावं लागेल.

फसल्यावर काय होतं? मे १९६८ मध्ये अमेरिकेचा निम्बस हवामान उपग्रह कॅलिफोर्नियातून उडताना भरकटला, रॉकेट नष्ट करण्यात आलं. उपग्रहावर प्लुटोनियमवर चालणारी विद्युतघटं होती. ती समुद्रतळावर शाबूत सापडली आणि त्यातलं इंधन पुढे पुन्हा वापरलं गेलं. चांगली रचना काय करू शकते याचा हा पुरावा आहे, म्हणून तो चार्टवर आधी लावायला मी सांगितलं. आपल्या बाजूचे दाखले तेवढे वेचून मांडले तर ती तपासणी राहत नाही.

पण त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल १९६४ मध्ये जहाजांना दिशा दाखवणारा एक अमेरिकी उपग्रह कक्षेत पोचू शकला नाही आणि हिंदी महासागरावर वातावरणात जळाला. त्यातलं सुमारे एक किलो प्लुटोनियम-२३८ उंचावरच भुकटी होऊन पसरलं आणि नंतर निरनिराळ्या खंडांतल्या मातीच्या नमुन्यांत सापडलं. तेव्हाची रचनाच तशी होती: परत आलं तर उंचावर जळून विरळ व्हावं. या घटनेनंतर धोरण उलटं केलं गेलं. डबा फुटताच कामा नये, असं ठरलं. म्हणूनच १९७० मध्ये अपोलो १३ ही अमेरिकी चांद्रमोहीम परतताना तिच्या चंद्रावर उतरायच्या यानावरचं जवळपास चार किलो प्लुटोनियम पॅसिफिकच्या टोंगा गर्तेत गेलं, तेव्हा गळती आढळली नाही. मात्र ते आजही तळाशीच आहे. ते वर काढण्याचा विचार कोणी करू शकत नाही.

हे सगळं एक ते चार किलोचं. कचऱ्याच्या डब्यात शेकडो किलो असणार.

नासाचा सगळा आराखडा ज्या शटलवर उभा होता, त्यातलं चॅलेंजर २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत विखुरलं. सात जण गेले. त्याच चॅलेंजरवरून त्याच वर्षीच्या मे महिन्यात युलिसिस हे यान जायचं होतं, दहा किलोहून जास्त प्लुटोनियम घेऊन. वर्गात हे सांगितलं तेव्हा कुंभारीची मुलगी म्हणाली, “म्हणजे तारखेवर होतं सगळं.” मला वाटतं, संभाव्यतेचा आमचा सगळा हिशेब तिने चार शब्दांत सांगितला.

कक्षेत अडकलं तर

सर्वांत जास्त वेळ आम्ही या तुकड्यावर घालवला.

सप्टेंबर १९७७ मध्ये सोव्हिएत संघाने कॉसमॉस ९५४ हा समुद्रावर रडारने नजर ठेवणारा उपग्रह सोडला. त्याच्यावर छोटी अणुभट्टी होती, तीत तीस किलोहून जास्त समृद्ध युरेनियम. काम संपलं की भट्टी वेगळी करून उंच कक्षेत ढकलायची, म्हणजे ती शेकडो वर्षं खाली येणार नाही, अशी योजना होती. ते ढकलणं जमलं नाही. २४ जानेवारी १९७८ ला उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि त्याचे तुकडे सुमारे सहाशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखुरले.

सहाशे किलोमीटर म्हणजे किती, हे मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून भूगोलाच्या वर्गातला भारताचा नकाशा मागवला. मुंबईपासून हैदराबादपर्यंत दोरा ताणला. तेवढंच अंतर. दोरा बार्शीच्या अंगावरून गेला. कॅनडा आणि अमेरिकेच्या पथकांनी मिळून १,२४,००० चौरस किलोमीटर प्रदेश विमानांनी आणि पायी धुंडाळला, महिनोन्‌महिने. आपला सोलापूर जिल्हा पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आतबाहेर आहे, म्हणजे तसे आठ जिल्हे. एवढं करून इंधनाचा फारच थोडा भाग हाती लागला. सापडलेल्या मोठ्या तुकड्यांतले बहुतेक किरणोत्सारी होते. एकाजवळ तर काही तास थांबलेला माणूस जगला नसता. थेलॉन नदीकाठी हिवाळ्यासाठी तळ ठोकून राहिलेल्या सहा तरुणांपैकी दोघं, शोधपथकं पोचण्याआधीच, योगायोगाने एका मोठ्या अवशेषापाशी जाऊन उभे राहिले होते.

तिथे वस्ती अगदी तुरळक होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर आहे.

“पण आपलं रॉकेट तर समुद्राकडे जातं ना?” मुलाने विचारलं. उड्डाणाच्या वेळी, हो. श्रीहरिकोट्याहून ते बंगालच्या उपसागरावरून पूर्वेला जातं, त्यामुळे पहिल्या मिनिटांत सोलापूरला धोका नाही. कक्षेत शिरल्यावर हिशेब बदलतो. चांद्रयान ३ पृथ्वीभोवती ज्या कक्षेत फिरत होतं, तिचा विषुववृत्ताशी कोन सुमारे २१ अंशांचा होता. म्हणजे २१ अंश उत्तर ते २१ अंश दक्षिण यांच्या मधल्या कुठल्याही ठिकाणावरून ती जाऊ शकते. सोलापूर १७.७ अंशांवर. इंजिन दुसऱ्यांदा पेटलं नाही आणि डबा तशा कक्षेत अडकून खाली यायला लागला, तर तो कुठे पडेल हे शेवटच्या काही तासांपर्यंतही नक्की सांगता येत नाही.

आकाशातून धातू पडतो, हे आपल्याकडे लोकांनी पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात अनेक गावांतून आकाशात जळत जाणारे लोळ दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर माणसाच्या उंचीहून मोठी धातूची कडी येऊन पडली. चिनी रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. गाव गोळा झालं. कोणी हात लावला, कोणी फोटो काढले. ती कडी किरणोत्सारी नव्हती, म्हणून पुढे काही झालं नाही.

याच्या शेजारी आम्ही दिल्लीच्या मायापुरीची घटना ठेवली. २०१० मध्ये तिथे भंगारात आलेल्या एका जुन्या यंत्रातलं कोबाल्ट-६० उघडं पडलं, एक माणूस दगावला आणि इतर अनेक जण किरणोत्साराने भाजले. धातू दिसला की माणूस तो उचलतो, विकतो. आपल्या अक्कलकोट रोडला भंगाराची दुकानं पाहिलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

सूर्याभोवती पोचलं तर

समजा, सगळं नीट झालं आणि डबा पृथ्वीची ओढ तोडून निघाला. ०.८५ च्या कक्षेत स्थिरावायला तिथे पोचल्यावर इंजिन आणखी एकदा पेटावं लागतं, काही महिन्यांनी. ते पेटलं नाही तर डबा लांबट कक्षेत फिरत राहतो, आणि तिचं एक टोक पृथ्वीच्या वाटेवर असतं, कारण तो निघालाच पृथ्वीपासून. तो पुन्हापुन्हा आपल्या वाटेवर येत राहणार. कधीतरी दोघांची गाठ पडू शकते, आणि तेव्हा डबा थेट, प्रचंड वेगाने वातावरणात घुसेल.

याचंही खरं उदाहरण मिळालं, आणि मला ते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाटतं. जपानचं अकात्सुकी यान डिसेंबर २०१० मध्ये शुक्राच्या कक्षेत शिरायचं होतं. मुख्य इंजिन बिघडलं, यान शुक्राला चुकवून सूर्याभोवती निघून गेलं. बरोबर पाच वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, त्याची आणि शुक्राची पुन्हा गाठ पडली आणि छोट्या इंजिनांच्या जोरावर शास्त्रज्ञांनी त्याला कक्षेत बसवलं. जपानी तंत्रज्ञांच्या चिकाटीची ही सुंदर गोष्ट आहे. पण ते यान जिवंत होतं, ऐकत होतं, त्यात इंधन उरलं होतं. मुका डबा ऐकणार नाही, आणि त्याच्या मागे जाऊन त्याला धरून आणणारं साधन आज कोणाकडेच नाही. सिझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, प्लुटोनियम-२३९ ला २४ हजार. एवढ्या काळात त्या डब्याचा पत्ता लक्षात ठेवायचं काम कोणावर सोपवायचं?

मग जमिनीतच बरं का?

हा प्रश्न मुलांनी रागाने विचारला, आणि तो रास्त होता. कारण आम्ही नुसतं मोडत चाललो होतो.

आपल्या राज्यातच याचं उत्तर चालू आहे. तुर्भे आणि तारापूरला पुनर्प्रक्रियेतून उरलेला अतितीव्र द्रव कचरा बोरोसिलिकेट काचेत वितळवून मिसळला जातो, स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत ओतला जातो आणि थंड होण्यासाठी तारापूरच्या कोठारात हवेच्या नैसर्गिक प्रवाहावर वर्षानुवर्षं ठेवला जातो. त्या कचऱ्यातून सिझियम वेगळं काढून भाभा अणुसंशोधन केंद्राने रक्तपेढ्यांतल्या किरणोत्सार यंत्रांसाठी काचेच्या कांड्या बनवल्या आहेत. सूर्यावर फेकून दिलं असतं तर हे जमलं नसतं.

फिनलंडमध्ये ओंकालो इथे चारशे मीटरहून खोल, दोनशे कोटी वर्षांच्या आसपास वय असलेल्या खडकात तांब्याच्या डब्यांतून इंधन ठेवायची तयारी पूर्ण होत आली आहे. आणि आफ्रिकेत गाबोन देशातल्या ओक्लो इथे तर निसर्गाने स्वतःच दाखला ठेवला आहे. सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथल्या युरेनियमच्या खाणीत आपोआप अणुभट्टी चालली होती. तिच्या कचऱ्यातला बराचसा भाग इतक्या काळात जागचा फारसा हललेला नाही.

जमिनीतही चुका होतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात मिठाच्या थरात केलेल्या साठवणीत फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप आतल्या रासायनिक क्रियेने फुटलं, भुयारात किरणोत्सार पसरला आणि काम जवळजवळ तीन वर्षं बंद राहिलं. हेही चार्टवर लावलं. फरक एवढाच, आणि माझ्या मते सगळं काही त्यावरच अवलंबून आहे, की तिथे कोणतं पिंप फुटलं ते सापडलं, का फुटलं ते कळलं, भुयार साफ करून पुन्हा काम सुरू झालं. चूक दुरुस्त करायला माणूस तिथपर्यंत पोचू शकला.

समुद्राच्या बाबतीत हा धडा जग एकदा शिकलं आहे. १९४६ पासून अनेक देशांनी किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं समुद्रात सोडली. समुद्र अफाट, कोणाच्याच मालकीचा नाही, हाच युक्तिवाद होता. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने ते पूर्ण बंद झालं.

प्रदर्शनात आलेला प्रश्न

प्रदर्शनात चार्टवर निळा बाण तसाच होता, पण पाच ठिकाणी कापलेला. प्रत्येक तुकड्याखाली एक तारीख आणि एक जागा. “काय बे, रॉकेट उडवलंच नाही का?” असं दुसऱ्या कॉलेजच्या पोरांनी आमच्या मुलाला विचारलं. त्याने त्यांना शांतपणे पार्करचं गणित करून दाखवलं.

मोहोळ तालुक्यातले एक शेतकरी नातवाबरोबर आले होते. कॉसमॉसपाशी बराच वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, “पोरी, हे माझ्या रानात पडलं, तर पंचनामा कोण करणार?”

कुंभारीच्या मुलीने कॅनडाचं सांगितलं. १९७२ चा आंतरराष्ट्रीय दायित्व करार आहे, ज्या देशाने सोडलं त्याने जमिनीवरचं नुकसान भरून द्यायचं. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाख मिळाले.

“निम्मंच का?” आजोबा म्हणाले. “आणि पंचनामा होईस्तोवर रान तसंच ठेवायचं? जनावरं कुठं बांधायची?”

तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं. परत आल्यावर आम्ही चौघांनी मिळून कराराचा मजकूर शोधून वाचला. सातव्या कलमात लिहिलंय की ज्या देशाने प्रक्षेपण केलं, त्याच देशाच्या नागरिकांचं झालेलं नुकसान या करारात धरलं जात नाही. म्हणजे डबा भारताने सोडला आणि मोहोळमध्ये पडला, तर हा करार त्या आजोबांच्या उपयोगाचा नाही. त्यांना देशाच्या कायद्यावर आणि सरकारच्या मनावर विसंबावं लागेल. कॅनडाला निम्मे पैसे मिळाले, कारण कॅनडा दुसरा देश होता.

या एका कलमाने माझ्यासाठी प्रकरणाचं वजन बदललं. तोवर आम्ही धोका मोजत होतो. तो कोणाच्या माथी येतो, हे मोजलं नव्हतं. अणुविजेचा फायदा शहरांना, कारखान्यांना, आपल्या सगळ्यांना. डबा सुखरूप गेला तर सुटकाही सगळ्यांची. वाट मधेच तुटली तर भार मात्र एका पट्ट्यातल्या माणसांवर, आणि तो पट्टा कोणता हे आधी कोणीच सांगू शकत नाही, म्हणून त्यांची संमतीही कोणी घेऊ शकत नाही. तारापूरच्या कोठाराशेजारच्या गावाला निदान प्रश्न विचारायला एक दार आहे. कक्षेतून खाली येणाऱ्या डब्याखालच्या गावाला तेही नाही.

पुढचं काम

गटाने प्रस्ताव मागे घेतला नाही, बदलला. आताच्या रूपात तो असा आहे: कचरा काचेत, परत काढता येईल अशा खडकातल्या कोठारात, आणि नोंदी सार्वजनिक. अवकाशाचा पर्याय त्यांनी पूर्ण खोडलेला नाही. रॉकेटांचं अपयश शंभरात एकवरून लाखात एकच्या जवळ गेलं आणि भरकटलेला डबा पकडून आणता आला, तर पुन्हा विचार करावा, अशी अट त्यांनी लिहिली आहे. जुळे सोलापूरच्या मुलीचा तो हट्ट होता आणि मी तो राहू दिला, कारण अट मोजता येण्यासारखी आहे.

दुसरा चार्ट आजोबांच्या प्रश्नातून आला. मथळा: ‘रानात आकाशातून पडलेली वस्तू दिसली तर’. हात लावू नका, लाथेनेही हलवू नका. लांब व्हा, इतरांनाही लांब ठेवा. जनावरं त्या बाजूला सोडू नका. लांबूनच जागा ध्यानात ठेवा आणि ११२ ला फोन करा. पोलीस पाटील आणि तलाठ्याला कळवा. भंगारवाल्याला देऊ नका. वस्तूपाशी गेला असाल तर हात साबणाने धुवा, कपडे बदला आणि ते कपडे पिशवीत बांधून बाजूला ठेवा.

कुंभारीच्या मुलीने तो मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूमध्ये लिहून घेतला. कन्नड अक्कलकोटकडच्या एका मैत्रिणीकडून, तेलुगू मुलाच्या आजीकडून तपासून. एक प्रत प्रयोगशाळेबाहेरच्या फलकावर लावली आहे, एक मोहोळच्या आजोबांनी ग्रामपंचायतीत लावायला नेली.